चार तासांच्या मावशी

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकावर सकाळी सात-साडेसातला वॉचमनची वही उघडी असते. त्या वेळी आत शिरणाऱ्या काही बायकांचे वरकाम असते, काहींचे ‘पेशंटचे काम’. वरकामाचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. भांडी, केर-फरशी, कपडे, पोळ्या यांचे दर वेगवेगळे, घरात माणसे वाढली की दर वाढतो, दिवाळीला बोनस ठरलेला आणि महिन्याचे खाडे किती तेही आधीच बोललेले. पेशंटच्या कामाला मात्र असा हिशेब नसतो. तिथे काम ठरवताना एकच वाक्य बोलले जाते: ‘आजींना बघायचं आहे.’ या ‘बघायचं’मध्ये काय काय येते हे सांगणारा नीट सांगत नाही आणि ऐकणारी विचारत नाही. दोघांनाही कळले आहे असे धरून काम सुरू होते. पंधरा दिवसांत कुरबुर होते, महिन्याभरात बाई बदलते आणि घर पुन्हा पहिल्या फोनपाशी येऊन थांबते. हे पुस्तक त्या एका क्रियापदाची फोड करण्यासाठी लिहिले आहे.

वृद्ध आई किंवा वडिलांसाठी दिवसातले तीन, चार, फार तर सहा तास पगारी मदतनीस घरी ठेवणे एवढाच पुस्तकाचा आवाका आहे. चोवीस तास घरी राहणाऱ्या मदतनिसांचा आणि वृद्धाश्रमांचा विचार इथे ओघाने येईल तेवढाच आहे. अर्धवेळ मदत म्हणजे पूर्णवेळ न परवडणाऱ्यांनी केलेली तडजोड, असा समज आपल्याकडे आहे. माझे म्हणणे त्याच्या उलट आहे. बहुतेक घरांना पहिली काही वर्षे नेमकी एवढीच मदत लागते. ती वेळेवर आणि कामे ठरवून घेतली तर वृद्ध माणसाचे स्वतःचे हातपाय चालते राहतात, घरात आधीपासून राबणारे माणूस मोडून पडत नाही आणि येणाऱ्या मावशीही टिकतात. त्यासाठी घराला एक गोष्ट मान्य करावी लागते आणि ती आपल्याला जड जाते. आपण कोणाला तरी कामावर ठेवत आहोत, म्हणजे आपण मालक झालो आहोत, आणि काम नेमके सांगणे ही मालकाची जबाबदारी असते.

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीपलीकडचा असेल. पण वयाच्या आकड्यावरून मदतीची गरज कळत नाही. ती कळते मुंबईतल्या याच संस्थेने २०१७-१८ मध्ये ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लासी’ अभ्यासातून. साठीपुढच्या सुमारे २४ टक्के लोकांना अंघोळ, कपडे, शौच, उठणे-बसणे अशा शरीराच्या रोजच्या कामांपैकी निदान एकात अडचण होती. बाजारहाट, स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, वेळेवर औषधे अशा बाहेरच्या आणि घरच्या व्यवहारांपैकी निदान एकात अडचण असणारे याच्या दुप्पट, सुमारे ४८ टक्के होते. अडचण असणे आणि दिवसभर कोणी पाशी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात अर्धवेळ मदतीची जागा आहे.

आज ती जागा कोण भरून काढते, याचे उत्तर २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत आहे. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३४ मिनिटे तिच्यावर जात होती, पुरुषांची ७६. म्हणजे आपण ‘घरीच सांभाळतो’ असे म्हणतो तेव्हा त्या कर्त्याच्या जागी बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीची पत्नी असते. ऐंशीच्या नवऱ्याला बाथरूमपर्यंत आधार देणाऱ्या पत्नीच्या गुडघ्यांची आणि पाठीची मोजदाद कुठल्याच पाहणीत होत नाही. ती पडली की एका घरात एका दिवसात दोन पेशंट होतात. म्हणून मदतनीस कधी ठेवायचा, हे आजारी माणसाच्या अवस्थेइतकेच त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या अवस्थेवरही ठरवले पाहिजे.

किती तास हा प्रश्न आपण बहुतेक वेळा मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोवर सोडून देतो. ब्युरो दिवसपाळीचे बारा तास, रात्रपाळीचे बारा किंवा मुक्कामी चोवीस तास असा पाळ्यांचा हिशेब सांगतो. घराची गरज पाळीत मोजता येत नाही, ती कामांत मोजावी लागते. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये स्वावलंबन मोजण्यासाठी सहा कामे निवडली: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून खुर्चीत येणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि हाताने जेवणे. म्हातारपणी ही कामे साधारण याच क्रमाने हातातून सुटतात. अंघोळ सर्वांत आधी, जेवण सर्वांत शेवटी. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधे, पैसे अशा आठ व्यवहारांची दुसरी यादी त्यांना जोडली. या दोन याद्या कागदावर लिहून प्रत्येकापुढे ‘स्वतः’, ‘थोड्या मदतीने’ आणि ‘पूर्ण मदतीने’ यांपैकी एक शेरा मारला, की अर्ध्या तासात घराला आपली गरज कळते. शरीराच्या कामांत पहिला शेरा बहुधा अंघोळीपुढे बदलतो, म्हणूनच सकाळी सात ते अकरा ही वेळ बहुतेक घरांना आधी लागते. रात्रीची गरज पुष्कळदा बऱ्याच नंतर येते.

अंघोळ हे एकच काम जवळून पाहिले तरी ‘बघायचं’ या शब्दाखाली किती कसब दडलेले असते ते दिसते. झोपलेल्या माणसाला हात ओढून उभे करायचे नसते. आधी कुशीवर वळवायचे, पाय पलंगाखाली सोडायचे, कोपरावर भार देऊन बसू द्यायचे आणि मिनिट-दोन मिनिटे तसेच बसवून ठेवायचे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्या वृद्धांचा दाब उठताना एकदम उतरू शकतो, आणि ही दोन मिनिटे वाचवण्याच्या घाईत माणसे पडतात. मग पावले जमिनीवर सपाट टेकवायची, मदतनिसाने अधू बाजूला उभे राहायचे आणि आधार कमरेला द्यायचा. काखेत हात घालून उचलले तर खांदा दुखावतो, पक्षाघात झालेल्यांचा तर नक्कीच. बाथरूममध्ये पाठ असलेली खुर्ची हवी. पाण्याचा अंदाज मदतनिसाने आपल्या हातावर घ्यायचा, कारण जुन्या मधुमेह्याच्या पायांना चटका कळत नाही. तोंड, छाती आणि झाकलेला भाग त्यांचा त्यांनी धुवायचा, पाठ आणि पाय मदतनिसाने. पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि टाचा, माकडहाड डोळ्यांखालून घालायचे. तिथली लाली बोटाने दाबून फिकट होत नसेल, तर ती शय्याव्रणाची पहिली खूण असू शकते. एवढे सगळे चाळीस मिनिटांत, अवघडलेल्या माणसाचा संकोच सांभाळत करायचे. हे काम कोणालाही येते असे म्हणणाऱ्याने ते एकदा करून पाहावे.

एवढे कसब लागत असेल तर माणूस पूर्ण दिवस का ठेवू नये, असा प्रश्न येईल. पहिले कारण वृद्ध माणसाच्या हिताचे आहे. जे काम हाताने होते ते दुसरे कोणी करू लागले की हात ते विसरतो. दिवसभर पाशी बसलेला माणूस रिकामा राहू नये म्हणून पाणी आणून देतो, चमचा हातातून घेतो, दोन पावलांच्या अंतरावरचा चष्मा उचलून देतो. त्यात प्रेमच असते, पण सहा महिन्यांत चालणारी आजी खुर्चीला खिळते. दुसरे कारण कामगाराच्या बाजूचे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराला आठवड्याची ४८ तासांची मर्यादा घालून दिली. बारा तासांची पाळी आठवड्याचे सातही दिवस केली की ८४ तास होतात. गिरणीत जे चालणार नाही ते आपल्या दिवाणखान्यात चालते, आणि थकलेल्या हातांतूनच माणूस निसटतो. काही देशांनी हा हिशेब सार्वजनिक व्यवस्थेतच बसवला आहे. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून दीर्घकालीन देखभालीचा विमा आहे. जपानमध्ये गरजेच्या सात पायऱ्या ठरवून, आराखडा लिहून, त्याप्रमाणे घरी ठरावीक वेळेपुरता मदतनीस पाठवला जातो. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही, म्हणून हा आराखडा घरालाच लिहावा लागतो.

यावरचा पहिला आक्षेप भावनेचा आहे. आईबापांची सेवा पैसे देऊन करवून घ्यायची का? ज्या मातीत पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर ताटकळत ठेवल्याची कथा घरोघरी सांगितली जाते, तिथे हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. पण त्या कथेतले मोल कशाचे आहे ते पाहावे. दारात प्रत्यक्ष देव आला तरी पुंडलिकाचे लक्ष आईबापांवरून ढळले नाही, ही त्या सेवेची थोरवी. सकाळी डबा, शाळेची बस आणि ऑफिसची वेळ गाठताना अंघोळ उरकून घेणाऱ्या मुलाचे किंवा सुनेचे हात सेवेत असतात आणि लक्ष घड्याळाकडे असते. ते काम कुशल हातांकडे गेले तर संध्याकाळचा एक तास आईशेजारी बसायला मोकळा होतो, आणि तो तास कोणी पैसे देऊन आणू शकत नाही. कायद्याचेही म्हणणे असेच आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या अधिनियमात ‘चरितार्थ’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय शुश्रूषा व उपचार यांची तरतूद येते. मुलांनी तरतूद केलीच पाहिजे, हात कोणाचे ते कायदा विचारत नाही. जबाबदारी टाळणे आणि कामाची विभागणी करणे यांतला फरक एकाच गोष्टीने ठरतो: मदतनीस आल्यावर मुले घरात जास्त दिसू लागली की कमी.

दुसरा नकार खुद्द आईवडिलांकडून येतो. ‘मला काय झालंय? परकं माणूस नको घरात.’ या नकाराला हट्ट म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. परक्यासमोर कपडे उतरवण्याची लाज, आपल्याबद्दलचा निर्णय आपल्याला न विचारता झाल्याचे दुःख आणि आता उतरण लागली ही भीती, हे सगळे त्या एका वाक्यात असते. त्यावरचा उपाय म्हणजे लवकर आणि थोडक्यात सुरुवात करणे. पडून हाड मोडल्यावर रुग्णालयातून घरी आणताना पहिला मदतनीस आला, तर तो संकटाचे चिन्ह होऊन येतो. तोच माणूस दोन वर्षे आधी, आठवड्यातून तीन दिवस, फिरायला सोबत, बँकेचे काम आणि औषधांची डबी भरणे एवढ्यासाठी येऊ लागला, तर अंघोळीची वेळ येते तेव्हा तो ओळखीचा झालेला असतो. निवडीच्या वेळी आईवडिलांना प्रश्न विचारू द्यावेत. अंघोळीला बाईसाठी बाई आणि पुरुषासाठी पुरुष मदतनीस, ज्याला रुग्णालयांत मामा म्हणतात, मिळतो का ते पाहावे. काय नको हे आधी त्यांना विचारावे.

विश्वासाचा आक्षेप खरा आहे आणि त्याला व्यवस्थेनेच उत्तर देता येते. ओळखपत्राची प्रत, सध्याचा पत्ता, आधीच्या दोन घरांशी बोलणे आणि पोलीस पडताळणी एवढे झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. पहिला पंधरवडा घरातले कोणीतरी त्याच वेळात घरी राहील असे ठरवावे. पैसे, दागिने, एटीएमचा पिन यांची जबाबदारी मदतनिसावर टाकूच नये, कारण मोहापासून दूर ठेवणे हे संशय घेण्यापेक्षा सभ्यपणाचे आहे. कॅमेरा लावायचा असेल तर तसे आधी सांगावे आणि बाथरूम व कपडे बदलण्याची जागा त्यातून वगळावी. कॅमेऱ्यापेक्षा एक साधी रेघांची वही जास्त उपयोगी पडते. तिच्यात रोज वेळ, रक्तदाब, काय खाल्ले, पाणी किती, शौचाला झाली का, कुठली गोळी दिली, कातडीवर काही दिसले का, मन कसे होते हे लिहायचे. परदेशातला मुलगा फोनवर ‘आई कशी आहे?’ विचारतो तेव्हा ‘बरी आहे’ याच्या पुढचे उत्तर या वहीत असते. संशय दोन्ही बाजूंना असतो, आणि वहीने मावशींचेही रक्षण होते. इंजेक्शन, नाकातली नळी, कॅथेटर बदलणे ही परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या परिचारिकेची कामे आहेत. ‘तुम्हाला येतंच ना, द्या टोचून’ असे मावशींना म्हणणाऱ्या घराने नंतर दोष देऊ नये.

‘परवडत नाही’ हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरता असतो आणि घरच्या मदतनिसाचा पगार त्यात बसत नाही. तरीही तुलना योग्य गोष्टीशी करावी. मदतनीस न ठेवल्याची किंमत कोणीतरी भरतच असते. सून नोकरी सोडते, मुलगी बढती नाकारते, आई पडते आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेचे बिल येते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी २४ तास विकत घेणे म्हणजे उरलेले १४४ तास निभावून नेण्याची ताकद विकत घेणे आहे. तो खर्च भावंडांनी पहिल्याच दिवशी कागदावर वाटून घ्यावा. एक भाऊ कोथरूडमध्ये आणि बहीण न्यू जर्सीत असेल, तर जवळ राहणाऱ्याचे श्रमही वाटणीत धरावेत. एक काटकसर मात्र करू नये. चार तासांचा पगार म्हणजे बारा तासांच्या पगाराचा तिसरा हिस्सा नव्हे. मावशींचा बसचा वेळ आणि भाडे चार तासांनाही तेवढेच लागते, म्हणून तासाचा दर जास्तच पडला पाहिजे. ब्युरोमार्फत ठेवत असाल तर आपण देतो त्यातले त्यांच्या हाती किती पडते हे सरळ विचारावे. ‘बाई टिकत नाही’ या तक्रारीचे निम्मे उत्तर त्या आकड्यात सापडते, आणि उरलेले वेगळ्या ठेवलेल्या कपात. जिच्या हातांनी आपली आई स्वच्छ होते, तिचा चहाचा कप वेगळा ठेवणाऱ्या घराला तिच्याकडून मायेची अपेक्षा करण्याचा अधिकार नाही.

‘मावशी’ हा शब्द मला प्रिय आहे. परक्या बाईला नात्यात ओढून घेण्याची आपल्या भाषेची ती रीत आहे. पण नात्याची भाषा आली की पगाराची भाषा अवघड होते. मावशीकडे सुट्टीचा हिशेब कसा मागायचा, आणि मावशीने भाच्याकडे पगारवाढ कशी मागायची? म्हणून हाक मावशी अशीच असू द्यावी, आणि तिच्या मागे एक कागद असावा. त्यावर कामे, वेळ, पगाराची तारीख, आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा, बदली कोण देणार, उचल मागितली तर काय आणि काम थांबवायचे तर दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचे हे लिहिलेले असावे. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकटीचा विचार करायला समिती नेमावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितले. कायदा येईल तेव्हा येईल, पण आपल्या घरात कागद आजच येऊ शकतो. या कामाच्या प्रतिष्ठेची लढाईही नवी नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि पुढे तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा परक्याच्या देहाची सेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे असेच समाज म्हणत होता. परिचारिकेला पुढे मान मिळाला. घरी येणाऱ्या मदतनिसाला तो अजून मिळायचा आहे.

या मांडणीला मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवणे धोक्याचे ठरेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, ते चार तासांच्या मदतीने भागत नाही. स्मृतिभ्रंश वाढून माणूस दार उघडून रस्त्यावर जाऊ लागला, गॅस चालू ठेवू लागला, की त्याला एकटे ठेवण्याचे तास संपले. ‘लासी’ला जोडून झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की देशातल्या साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यामुळे ही वेळ अनेक घरांवर येणार आहे. म्हणून वर सांगितलेल्या दोन याद्या दर तीन महिन्यांनी पुन्हा भराव्यात आणि शेरे बदलले की तासही बदलावेत. अर्धवेळ व्यवस्था नीट चालवलेल्या घराला पूर्णवेळाची वेळ आलेली ओळखता येते, कारण त्या घराला मोजण्याची सवय लागलेली असते.

पुढची प्रकरणे याच क्रमाने येतात: गरज मोजणे, काम लिहिणे, माणूस निवडणे, पहिला महिना, वही, पैसे, तंटे आणि बदलती अवस्था. शेवटचे प्रकरण मावशींबद्दल आहे, आणि ते वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये अशी विनंती आहे. घरेलू कामगार मंडळात नोंदणी होते ती १८ ते ६० या वयातल्यांची. म्हणजे आपल्या ऐंशीच्या आईला सांभाळणाऱ्या बाईची स्वतःची साठी उलटली की तिचे नाव त्या यादीतून जाते. तिचे गुडघे तोवर आपल्या बाथरूमच्या ओल्या फरशीवर झिजलेले असतात. तिच्या नावाने दरमहा थोडी रक्कम वेगळी टाकणे, तिचे बँक खाते आणि विमा सुरू करायला हातभार लावणे हे पगारपत्रकातच बसवता येते, आणि कसे बसवायचे ते त्या प्रकरणात आहे. ‘आजींना बघायचं आहे’ असे ज्या घराने तिला सांगितले, त्या घराने ‘पुढे तुमच्याकडे कोण बघणार?’ हे एकदा तिला विचारावे, आणि उत्तर कामाच्या कागदावर लिहून ठेवावे.